पैसा थांबला की आधी कुणाचं द्यायचं? खानदेशातल्या घरांसाठी

कापूस काट्यावर चढला की पैसा, केळीचा माल ट्रकमध्ये भरला की पैसा, सुरतेला गेलेल्या पोराने पाठवला की पैसा. खर्चाला मात्र हंगाम नाही. लाइट बिल, गॅस, शाळा, गोळ्या, हप्ता हे सगळं दर महिन्याच्या ठरल्या तारखेला दारात हजर. श्रावण-भाद्रपदात हात आखडायचा आणि दसऱ्यानंतर सोडायचा हे आपल्या आज्यांनाही येत होतं. पण त्यांच्या काळात दर आठवड्याचा हप्ता नव्हता, मोबाइलचा ईएमआय नव्हता, आणि किराणा दुकानदार एका माणसाच्या शब्दावर वर्षभर थांबायचा.

मी बचत गटांच्या वह्या लिहिते. त्या लिहिताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: घर पैसा कमी पडल्याने अडचणीत येतं, पण बुडतं ते देण्याचा क्रम चुकल्याने. जो दारात येऊन मोठ्याने बोलतो त्याचे आधी दिले जातात. जो गप्प बसून महिन्याला शेकडा तीनने व्याज चढवतो, त्याला ‘पुढच्या महिन्यात देऊ’. आणि या सगळ्याच्या मागे एकच वाक्य, ‘लोके काय म्हनतीन?’ हा लेख क्रम लावायचा कसा, त्याबद्दल आहे.

आधी वही

पोरांची शंभर पानी वही घ्या. घरातली कमावती आणि कळती सगळी माणसं एका रात्री बसवा, सासूबाईंनाही. बारावीतल्या पोरालाही बसवा, त्याला निम्मं आधीच माहीत असतं. पानावर पाच रकाने पाडा: कुणाचे, किती, व्याज किती, तारण काय ठेवलंय, तारीख कोणती.

या रात्री एक-दोन कर्जं अशी बाहेर येतात की जी घरातल्या दुसऱ्याला माहीत नसतात. नवऱ्याने मित्राकडून उचललेले, बायकोने मैत्रिणीसाठी स्वतःच्या नावावर काढलेलं गटाचं कर्ज, पोराने मोबाइलवरच्या ॲपमधून घेतलेले चार हजार. आवाज चढेल. चढू द्या, पण वही बंद करू नका. अर्धवट यादीवर केलेला हिशोब पंधरा दिवसांत मोडतो, मग पुन्हा कुणी बसायला तयार होत नाही.

व्याजाचा रकाना सगळ्यांत काळजीने भरा. ‘तीन टक्के’ म्हणजे महिन्याला की वर्षाला हे लिहाच. बँक वर्षाचं बोलते, गावातला सावकार महिन्याचं. सावकाराचे तीन म्हणजे वर्षाचे छत्तीस.

कर्जाचा आकडा ऐकून घरातलं कुणी एकदम गप्प झालं, जेवेना, झोपेना, ‘माझ्यामुळेच सगळं’ असं बोलू लागलं, तर वही बाजूला ठेवून आधी त्या माणसाकडे पाहा. त्याला एकटं सोडू नका. मानसिक आधारासाठीचा टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, फोन फुकट आहे.

आलेला पैसा मोजताना

‘महिन्याला बारा-पंधरा हजार येतात’ असं सांगणाऱ्या घरात बहुतेक वेळा चांगल्या महिन्याचा आकडा धरलेला असतो. तुम्ही गेल्या तीन महिन्यांतला सगळ्यांत वाईट महिना धरा. निंदणीची मजुरी पावसावर, वेचणीची किलोवर. दोन्हीत खाडे असतात.

योजनांचे पैसे खात्यात आल्यावरच मोजायचे. लाडक्या बहिणीचे महिन्याला १,५००, श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधारचे १,५००, पीएम किसानचे वर्षाला ६,००० तीन हप्त्यांत आणि राज्याचे नमो शेतकरीचे आणखी ६,०००. हे येतात, पण तारखेला येतीलच असं नाही. त्यांच्या भरवशावर कुणाला तारीख देऊ नका. उलट बाजूही पाहा. ई-केवायसी राहिली, आधार बँकेला जोडलेलं नाही, एवढ्यावरून पैसे अडकलेली घरं प्रत्येक गल्लीत आहेत. अशा कामासाठी एका दिवसाची मजुरी बुडवून सेतू केंद्रावर गेलेलं परवडतं.

काम नसेल तर ग्रामपंचायतीत रोजगार हमीच्या कामाची मागणी लेखी द्या आणि तारखेची पोच घ्या. तोंडी मागणी म्हणजे मागितलंच नाही असं धरलं जातं.

क्रम

एक घर समजा. अमळनेरकडचं, पाच माणसं. नवऱ्याची टेम्पोवरची ड्रायव्हरकी सुटली, आता मिळेल ती मजुरी: बारा दिवसांचे ५,४००. बायकोची निंदणी, चौदा दिवसांचे ३,५००. तिचे लाडक्या बहिणीचे १,५०० आणि सासूबाईंचे श्रावणबाळचे १,५००. सगळं आलं तर ११,९००.

आता देणी. किराण्याची बाकी ९,४००, व्याज नाही. मायक्रोफायनान्सचा हप्ता २,२४०. सावकाराचे ४०,००० शेकडा तीनने, म्हणजे नुसतं व्याज १,२००. मोबाइलचा ईएमआय १,४५०. भिशी १,०००. शालकाकडून उसने १५,०००, तो काही बोलत नाही.

क्रम असा लावा. पहिलं पोट, औषध, उजेड, शाळा. रेशनवर मिळतं ते सोडून वरचा बाजार ४,५००, गॅस ९००, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या ७००, लाइट ६००, शाळेचं ४००. झाले ७,१००. गोळ्या पहिल्या रांगेत का? कारण तंगीत पहिली कात्री म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्यांना लागते, आणि सहा महिन्यांनी तोच खर्च दवाखान्यात दसपट होऊन परत येतो.

दुसरं, जिथे थकलं की काहीतरी हातचं जातं किंवा व्याज धावतं ते. हप्ता २,२४० आणि सावकाराचं व्याज १,२००, मिळून ३,४४०. उरले १,३६०. त्यातले १,००० किराण्याच्या जुन्या बाकीत, ३६० हातात. संपलं.

मोबाइल आणि भिशी या हिशोबात बसत नाहीत. फोन विकून किंवा फायनान्सवाल्याशी बोलून तो ईएमआय मिटवायचा, कारण थकला तर दंड बसतो आणि सिबिल (कर्जफेडीचा शेरा) बिघडतं. भिशी मोडायची नाही, पण भिशीतल्या बायकांना सांगून आपली उचल आधी मागायची. अडचण असलेल्याला आधी देण्याची रीत बहुतेक भिश्यांत आहे, तोंड उघडायला लाज वाटते एवढंच. उचल आली की ती थेट सावकाराच्या मुद्दलात. आणि शालकाला फोन: ‘दाजींचा हात आखडलाय, दिवाळीनंतर देतील,’ हे बहिणीने स्वतः सांगायचं. बिनव्याजी माणूस शेवटी, पण त्याला कळवणं पहिल्या दिवशी. नाती न दिल्याने जेवढी तुटत नाहीत, तेवढी फोन न उचलल्याने तुटतात.

योजनेचे ३,००० त्या महिन्यात आलेच नाहीत तर? मग किराण्याचे १,००० आणि हातातले ३६० गेले, तरी १,६४० कमी पडतात. ते हप्त्यात कमी पडतील हे तारखेच्या आधी ठाऊक असलं की बोलता येतं.

सावकार आणि सोनं

इथे थोडं थांबते, कारण खानदेशातल्या घराची खरी गळती इथे आहे.

महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारीचा नवा कायदा आहे. परवान्याशिवाय व्याजाने पैसे देणं गुन्हा आहे. परवाना असलेल्यालाही व्याजाची मर्यादा आहे: शेतकऱ्याला तारण घेऊन वर्षाला ९ टक्के, बिनतारण १२, शेतकरी नसलेल्याला तारणावर १५, बिनतारण १८. महिन्याच्या भाषेत सांगायचं तर शेकडा पाऊण, एक, सव्वा आणि दीड. शेकडा तीन, पाच, दहा कायद्यात कुठेच बसत नाही.

तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात लेखी करायची. बेकायदा सावकारीत जमीन लिहून घेतली असेल तर चौकशीनंतर ती परत मिळवण्याची तरतूदही या कायद्यात आहे. पण तिथवर जाऊच नये. तीन गोष्टींवर सही करायची नाही: कोरा चेक, कोरा स्टँप आणि ‘नुसतं कागदापुरतं’ म्हणून केलेलं शेताचं खरेदीखत. गहाणाच्या नावाखाली खरेदी करून दिलेली शेतं सोडवताना पिढी जाते.

आता सोनं. जळगावच्या सोन्याची कीर्ती देशभर आहे, आणि इथल्या गरीब घरातही बाईच्या गळ्यात मण्या-डोरल्याची पोत असतेच. तंगीत ती कपाटात ठेवून शेकडा तीनने पैसे आणणं हा सगळ्यांत महाग हट्ट आहे. वरच्या घराचे ४०,००० सावकाराकडे राहिले तर वर्षाचं व्याज १४,४००. तेवढंच सोनेतारण कर्ज बँकेकडून समजा वर्षाला १० टक्क्यांनी घेतलं तर ४,०००. दहा हजार चारशे रुपये फरक. एवढ्यात त्या घराचा दोन महिन्यांहून जास्त बाजार निघतो.

बँकेत दागिन्याच्या किमतीच्या साधारण पाऊण हिस्स्याएवढं, लहान कर्जाला त्याहून थोडं जास्तही, कर्ज मिळतं. जाताना सातबारा असेल तर न्या, शेतीसाठीचं सोनेतारण बऱ्याचदा स्वस्त पडतं. मुदत विचारा आणि ती कापूस विकल्यानंतरची येईल अशी घ्या. मुदतीत व्याजही भरलं नाही तर नोटीस येऊन लिलाव होतो, तेव्हा पत्ता आणि मोबाइल नंबर बरोबर लिहिलाय ना, ते पाहा. दागिन्याचं वजन आणि कस लिहिलेली पावती घरात दोघांना माहीत असलेल्या जागी ठेवा. सराफाकडे गहाण ठेवणार असाल तर त्याचा सावकारी परवाना आणि पावती दोन्ही हवं. चिठोऱ्यावर पोत ठेवायची नाही.

आणि पोत कुणाची? बाईची. तिने हो म्हटलं तरच. सोडवायची तारीखही वहीत तिच्या हाताने लिहायची.

सोसायटीच्या, म्हणजे गावातल्या शेतीकर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेच्या, पीककर्जाबद्दल एक. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर केंद्र आणि राज्याच्या सवलतीमुळे शेतकऱ्याला शून्य टक्क्याने पडतं. म्हणून मार्चअखेर सगळ्यांची ‘नवं-जुनं’ करायची, म्हणजे जुनं कर्ज भरून लगेच नवं उचलायची, धावपळ असते, आणि त्या दोन-चार दिवसांसाठी सावकाराकडून पैसे आणले जातात. नवीन कर्ज मंजूर होण्याची तारीख सचिवाकडून पक्की कळल्याशिवाय हे करू नका. चार दिवसांचे पैसे चार महिने झाले की शून्य टक्क्याचं कर्ज छत्तीस टक्क्याचं होतं.

हप्तेवाले

मायक्रोफायनान्सच्या हप्त्यात पाच-दहा बायका एकमेकींना बांधलेल्या असतात, म्हणून एकीची थकबाकी सगळ्यांच्या दारात जाते. त्यातून सुटायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज घेऊन पहिलीचा हप्ता भरला जातो. हे पहिल्यांदा करताय तिथेच थांबा. हप्ता चुकणार असेल तर तारखेच्या आधी केंद्रप्रमुख बाईला आणि कंपनीच्या माणसाला सांगा, मुदत वाढवून हप्ता लहान करायची मागणी लेखी करा, जेवढे असतील तेवढे भरा आणि त्याची पावती घ्या.

रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम तुमच्या बाजूचे आहेत. घराचे सगळे हप्ते मिळून घराच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जातील असं कर्ज कंपनीने द्यायचंच नसतं. वसुलीवाल्याने सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर येऊ नये, शिवीगाळ-धमकी करू नये, नातेवाइकांना-शेजाऱ्यांना त्रास देऊ नये. कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. नियम माहीत असलेल्या बाईशी वसुलीवाला वेगळ्या आवाजात बोलतो, हे मी पाहिलंय.

मोबाइल ॲपवरचं झटपट कर्ज मात्र नकोच. फोनमधले सगळे नंबर घेऊन नात्यागोत्यात बदनामी करणाऱ्या ॲपची तक्रार सायबर गुन्ह्यांच्या १९३० नंबरवर होते.

दुकानदाराशी बोलणं

उधारीची वही वाढत जाते तसं आपण त्या दुकानासमोरून जाणं टाळतो, गल्ली बदलतो. त्याऐवजी दुपारी, गिऱ्हाईक नसताना जा.

‘शेठ, माझी बाकी किती झाली?’

‘नऊ हजार चारशे.’

‘यात आजपासून भर घालू नका. महिन्याला हजार देते. आणि आजपासून जे नेईन ते रोख.’

बहुतेक शेठ हो म्हणतात. रोखीचं गिऱ्हाईक टिकतं आणि जुने पैसे हलू लागतात, त्यालाही हेच हवं असतं. तुमचा फायदा दुसरा आहे. उधारीत भाव विचारायची सोय नसते, रोखीत असते. पाच-पाच रुपयांच्या पुड्या घेणं बंद करा. मसाल्याची पुडी, चहाची पुडी, शाम्पू यांचा किलोमागे भाव एकदा काढून बघा, धक्का बसेल.

चूल

रेशन आधी. प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो, अंत्योदयावर घराला ३५ किलो धान्य, तेही मोफत. घरातलं माणूस सुरतेला, उधना-लिंबायतला राहत असेल तर त्याच्या वाट्याचं धान्य तो तिथल्या दुकानातून अंगठा देऊन घेऊ शकतो. सुनेचं, नव्या बाळाचं नाव कार्डात चढलंय का पाहा.

आपल्याकडे भात कमी खातात, म्हणून रेशनचा तांदूळ फेरीवाल्याला कवडीमोलाने विकायची सवय आहे. तो विकणं बेकायदा आहे, आणि तोट्याचंही. संध्याकाळची खिचडी खानदेशात कुणालाही जड जात नाही. आठवड्यात तीन-चार रात्री खिचडी आणि वर थोडी तेलाची फोडणी, की तेवढं पीठ आणि भाजी वाचते.

दिवसाला कळण्याची भाकरी. चार पायली ज्वारीला पायलीभर सालाचे उडीद आणि मीठ, गिरणीतून दळून आणलं की झालं. कळण्याच्या भाकरीला भाजी लागतच नाही. मिरचीचा ठेचा, कांदा, वर तेल. उडीद असल्याने ती पोटाला धरते, शेतावर कामाला जाणाऱ्याला दुपारपर्यंत भूक लागत नाही. भाजी महाग झाली की डुबुकवड्या, फुणके, घोटलेली उडदाची डाळ आहेतच. डाळीच्या एका वाटीत पाच माणसं जेवतात. शेवभाजी मात्र स्वस्त समजू नका. शेवेचा भाव आणि वरचा तेलाचा तवंग मोजला तर ती पाहुण्यांचीच भाजी आहे.

तेल महिन्याचं एकदाच आणा, बरणीवर आठवड्याच्या रेघा मारा. तंगीत सगळ्यांत जास्त पैसा तेलात मुरतो. शेतात कपाशीच्या काड्या असतील तर अंघोळीचं पाणी चुलीवर तापवा, गॅस दहा-पंधरा दिवस जास्त पुरतो.

दवाखाना, शाळा, लाइट

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता रेशनकार्डाचा रंग न पाहता राज्यातल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण योजनेतल्या दवाखान्यात आणि योजनेतल्या आजारांवरच. भरती होताना काउंटरवर पैसे भरायच्या आधी आरोग्यमित्र (योजनेचा दवाखान्यात बसणारा माणूस) शोधा, आधार आणि रेशनकार्ड द्या. धर्मादाय दवाखान्यांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के सवलतीत राखलेल्या असतात, विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत आहे, बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट. व्हॅनचे पैसे तिथे वाचतील. कॉलेजात व्यावसायिक कोर्सला जाणाऱ्या मुलीची फी, घराचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, २०२४-२५ पासून माफ आहे. पैसे नाहीत म्हणून मुलीचं शिक्षण सोडवण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात हे विचारा.

लाइट बिल थकलं तरी १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय जोडणी तोडता येत नाही. महावितरणच्या ऑफिसात जाऊन हप्ते पाडून मागा. १०० युनिटच्या पुढचा दर दुपटीच्या आसपास आहे, तेव्हा महिन्याच्या मध्यात मीटर वाचायची सवय लावा.

आखाजी, कानबाई आणि लग्नं

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेक माहेरी येणारच, आणि श्रावणात कानबाई देवीचे रोट होणारच. रोटाला घरचे गहू लागतात, कर्ज लागत नाही. महाग झालंय ते डीजे, वर्गणी आणि साड्यांचं देणंघेणं. भाऊबंदांत आधीच एकाने सांगितलं की ‘यंदा आमचं नाव वर्गणीत कमी धरा’, तर आणखी दोन घरं सुटकेचा श्वास टाकतात. लग्नातला आहेर व्याजाने पैसे काढून करायचा नाही. जायचं, राबायचं, वाढायचं. हातभार लक्षात राहतो.

कापसाचा पैसा आल्यावर

पहिल्या वेचणीचा कापूस घाईने खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, जातो, कारण घेणेकरी रांगेत असतात. सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) केंद्रावर लांब धाग्याच्या कापसाला २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० होता. गावात त्याच्या किती खाली मागतात ते पाहा, गाडीभाडं आणि ओलाव्याची कपात मोजा, मग ठरवा. घेणेकऱ्यांशी आधी बोलणं झालेलं असेल तर पंधरा दिवस थांबता येतं, आणि ते पंधरा दिवस बऱ्याचदा पैसे देतात.

आलेली रक्कम आधी सावकाराच्या मुद्दलात, मग सोनं, मग सोसायटी, मग किराणा आणि शालक. एका महिन्याच्या बाजाराएवढे पैसे बाजूला बँकेत. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतल्याही. पतसंस्थेतल्या ठेवीला नसतो. पतसंस्थांत अडकलेल्या पैशांचे चटके आपल्या भागाने खाल्लेले आहेत, एक-दोन टक्के जास्त व्याजासाठी हे पैसे तिकडे नकोत.

फेड झाली की त्याच दिवशी कागद परत घ्या: चेक, स्टँप, गहाणाची पावती. कंपनीकडून आणि सोसायटीकडून बेबाकीचा (काही बाकी नाही असा) दाखला मागून घ्या. शेतावर कर्जाचा बोजा असेल तर तो दाखला जोडून तलाठ्याकडे अर्ज द्या, आणि महिन्याभराने नवा सातबारा काढून ‘इतर हक्क’ रकान्यातून बोजा गेला का ते स्वतः वाचा.